रिकाम्या लॉबीत कोण थांबणार?

पत्र : आम्ही चौघं मित्र. नोकऱ्या सांभाळून तीन वर्षं एक ऑनलाइन गेम बनवला : चार विरुद्ध चार, छोटे सामने, तीन मोड (खेळायचे प्रकार). सहा महिन्यांपूर्वी स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आणला. पहिले काही दिवस बरे गेले, मग उतरती कळा लागली ती लागलीच. आता ऐन रात्रीसुद्धा सामना जुळत नाही. गंमत म्हणजे ज्यांनी खेळला त्यांना आवडलाय, रिव्ह्यू जवळजवळ सगळे चांगले आहेत. मग गेम पडला कशामुळे? आमच्यातला एक म्हणतो, 'नो मॅन्स स्काय'सारखे अपडेट देत राहू, लोक परत येतील. दुसरा म्हणतो, गेम फुकट करून टाकू. मला वाटतं आता सर्व्हर बंद करावेत, पण तसं बोललं की मी पळपुटा ठरतो. काय करावं?
(नाव छापू नये)

उत्तर :

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही 'गंमत म्हणजे' म्हणून बाजूला सारलंय. ज्यांनी खेळला त्यांना आवडला आणि तरी गेम पडला. घोडं नेमकं तिथेच पेंड खातंय. रिव्ह्यू कोण लिहितं? ज्याला सामना मिळाला तो. ज्याने गेम उघडला, 'खेळाडू शोधत आहोत' ही ओळ दहा मिनिटं पाहिली आणि गेम बंद केला, त्याच्याकडे लिहिण्यासारखं असतं तरी काय? तो पैसे परत मागतो आणि निघून जातो. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो, आणि रिकाम्या लॉबीत, म्हणजे सामना जुळायची वाट बघायच्या खोलीत, दोन तास कोणी बसत नाही. तेव्हा तुमचे चांगले रिव्ह्यू खोटे नाहीत, पण ते फक्त आत पोहोचलेल्यांचे आहेत.

थोडं गणित करू. चार विरुद्ध चार म्हणजे एका सामन्याला आठ जण. मोड तीन. सर्व्हरचे प्रदेश किती, म्हणजे जगातल्या किती भागांतले खेळाडू वेगवेगळे जोडता, ते तुम्ही लिहिलेलं नाही, दोन धरते. म्हणजे आलेला प्रत्येक खेळाडू सहापैकी एका रांगेत जाऊन उभा राहतो. एका वेळी १२० जण ऑनलाइन असतील तर रांगेत सरासरी २० : दोन सामने चालू, चौघं ताटकळत. ६० असतील तर रांगेत १० : एक सामना चालू, दोघं तो संपायची वाट बघत. आणि ३० असतील तर रांगेत पाच. तीस माणसं हजर आहेत, एका रांगेत असती तर तीन सामने रंगले असते, पण एकही सुरू होत नाही. वर तुम्ही कौशल्य बघून जोड्या लावत असाल तर त्या सहा रांगाही आणखी फुटतात. तुमच्या आलेखावर ही घसरण सावकाश दिसत असेल. खेळणाऱ्याला ती तशी दिसत नाही. एका आकड्याखाली गेला की गेम त्याच्यापुरता बंदच असतो, सर्व्हरचं बिल तुम्ही भरत असलात तरी.

आणि हे फक्त छोट्यांच्याच नशिबी येतं असं समजू नका. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. दोन आठवडे. त्यामागे सुमारे आठ वर्षांचं काम होतं. स्टीमवर एका वेळी खेळणाऱ्यांचा त्याचा उच्चांक ६९७ होता. पाच विरुद्ध पाच असा तो गेम होता आणि गोळीबाराचा भाग चांगला जमलाय असं बऱ्याच समीक्षकांनी लिहिलं होतं. पण किंमत ४० डॉलर, आणि त्याच धाटणीचे मोठे गेम फुकट उपलब्ध. लोक ते आधीपासून खेळत होते, त्यांचे मित्र तिथे होते, वर्षानुवर्षं जमवलेली पात्रं आणि पोशाख तिथे होते. कंपनीने सगळ्यांचे पैसे परत केले आणि पुढच्याच महिन्यात स्टुडिओही बंद केला. त्याआधी २०१७ च्या ऑगस्टमध्ये आलेला 'लॉब्रेकर्स' घ्या. समीक्षा बऱ्यापैकी, हाताळणी चपळ, पण लॉबी ओस. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्व्हर बंद.

'बॅटलबॉर्न'ची गोष्ट मला जास्त बोचते. तो ३ मे २०१६ ला आला आणि 'ओव्हरवॉच' २४ मे ला. दोन्ही गेम आतून बरेच वेगळे, पण दुरून पाहणाऱ्याला एकसारखे. तीन आठवड्यांत लोकांनी एक बाजू निवडली. जानेवारी २०२१ च्या शेवटी 'बॅटलबॉर्न'चे सर्व्हर बंद झाले आणि त्यासोबत त्यातली एकट्याने खेळायची कथाही गेली, कारण तीसुद्धा सर्व्हरशिवाय चालत नव्हती. ज्याने पैसे देऊन घेतला त्याच्याकडे आज उघडता न येणारी फाइल आहे.

आता याच्या शेजारी 'टायटनफॉल २' ठेवून बघा. तारीख निवडण्यात त्यांनी तर कहरच केला होता : २८ ऑक्टोबर २०१६. आठवडाभर आधी 'बॅटलफील्ड १', आठवडाभराने नवा 'कॉल ऑफ ड्यूटी'. दोन्हीकडून चेपला गेला आणि विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली. तरी लोक त्याचं नाव आजही काढतात, सेल लागला की विकत घेतात, कारण त्यातली एकट्याची कथा कोणाच्या हजेरीवर अवलंबून नाही. 'सायकोनॉट्स' २००५ मध्ये असाच पडला होता. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, दुकानात कोणी विचारला नाही. पण तो एकट्याने खेळायचा गेम, वाट बघू शकत होता. नंतर डिजिटल दुकानांतून तो हळूहळू पोहोचला आणि २०२१ मध्ये त्याचा दुसरा भाग निघाला. तुमच्या गेमला अशी सोळा वर्षं मिळणार नाहीत. त्याला सोळा दिवसही एकटं राहता येत नाही, आणि माझ्या मते तो पडण्याचं मूळ कारण हेच आहे. चौघांनी नोकऱ्या सांभाळून असा गेम निवडला की जो चालायला रोज, प्रत्येक तासाला, शेकडो अनोळखी माणसं लागतात.

जाहिरात कमी पडली का? पडलीच असणार. २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून जास्त नवे गेम आले, त्यात कोणाचाही गेम दिसेनासा होतो. पण समजा तुमची जाहिरात दुप्पट चालली असती आणि माणसं तीच राहिली असती, चोवीस तासांत विखुरलेली, सहा रांगांत वाटलेली, तर दुप्पट लोकांनी रिकामी लॉबी पाहिली असती.

गेम फसण्याचा विषय निघाला की कोणीतरी अटारी कंपनीच्या 'ई.टी.'चं नाव घेतंच, म्हणून एवढंच सांगते. १९८२ चा तो गेम हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रामरकडून जेमतेम पाच आठवड्यांत करून घेतला होता, नाताळ गाठायचा म्हणून. पुढच्या वर्षी उरलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरला गेला, आणि २०१४ मध्ये खोदकाम केल्यावर त्या गेमच्या कार्ट्रिज खरंच सापडल्या. पण या गेमच्या दहा लाखांहून जास्त प्रती विकल्याही गेल्या होत्या, हे सांगायचं राहून जातं. फक्त बनवलेल्या प्रती याहून कितीतरी अधिक होत्या. पडणं हे असं अपेक्षेच्या तुलनेत ठरतं. तुम्ही चौघांनी मनात कोणता आकडा धरला होता, हे एकदा एकमेकांना विचारून बघा. चार वेगळी उत्तरं आली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

'नो मॅन्स स्काय' होईल का?

नाही. तुमच्या मित्राला वाईट वाटेल, पण हे स्पष्टच सांगायला हवं.

'नो मॅन्स स्काय' ऑगस्ट २०१६ मध्ये आला तेव्हा लोक भडकले होते, कारण जे सांगितलं होतं त्यातलं बरंच गेममध्ये नव्हतं. पुढे वर्षानुवर्षं मोफत अपडेट देत त्या छोट्या कंपनीने नाव परत मिळवलं, हे खरं. ही गोष्ट सांगताना सुरुवातीचाच भाग गाळला जातो : पहिल्या दिवसापासून तो गेम प्रचंड विकला गेला होता. कंपनीकडे पैसा होता आणि लाखो माणसांकडे तो गेम आधीच होता. अपडेट आला की त्यांना फक्त पुन्हा उघडायचा होता. शिवाय तो एकट्याने खेळता येत होता, म्हणजे परत आलेल्या पहिल्या माणसालाही लगेच काहीतरी मिळत होतं.

'सायबरपंक २०७७' तसाच. डिसेंबर २०२० मध्ये तो इतका मोडका आला की सोनीने आपल्या दुकानातून काढून टाकला, पण तोपर्यंत एक कोटीहून जास्त प्रती खपल्या होत्या. 'फायनल फँटसी १४' तर २०१० मध्ये आपटल्यावर २०१२ मध्ये चक्क बंद करून २०१३ मध्ये नव्याने उभा केला गेला. त्याचे दिग्दर्शक नाओकी योशिदा यांच्या त्या कामाचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण त्यांच्या पाठीशी स्क्वेअर एनिक्ससारखी कंपनी उभी होती. या तिन्ही गेमवर लोक चिडले होते. चिडलेला माणूस म्हणजे ज्याने पैसे दिले, अपेक्षा ठेवली आणि जो अजून लक्ष ठेवून आहे. तुमच्यावर कोणी चिडलेलंच नाही. ज्यांना सामना मिळाला ते खूश आहेत, बाकीचे विसरून गेलेत. विसरलेल्या माणसाला अपडेटची बातमी कळतच नाही.

आणि मोठ्यांनाही हे दर वेळी जमत नाही. 'अँथम' फेब्रुवारी २०१९ मध्ये आला, फसला, त्याची नवी आवृत्ती करायला एक छोटी टीम बसवली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ते काम गुंडाळलं. ज्या कथा आपल्याला ठाऊक असतात त्या वाचलेल्यांच्या असतात, हे तुमच्या मित्राला सांगा. नवा नकाशा, नवं पात्र, चौथा मोड यातलं काहीही आत्ता करू नका. चौथा मोड म्हणजे आणखी दोन रांगा!

फुकट केला तर?

याचं उत्तर इतकं सरळ नाही. फुकट केल्याने गर्दी येते, हे खरं आहे. ती राहील का, हा प्रश्न वेगळा. 'इव्हॉल्व्ह' हा चार विरुद्ध एक असा गेम २०१५ मध्ये आला, ओसरला, जुलै २०१६ मध्ये फुकट झाला आणि लोक खरोखरच लोटले. ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तीन महिन्यांत, त्याच्यावरचं पुढचं काम थांबवलं गेलं. फुकट आलेल्या माणसाने काहीच गुंतवलेलं नसतं, त्यामुळे जाताना त्याला काही सोडावं लागत नाही. आणि ज्यांनी पैसे दिले त्या मोजक्या निष्ठावंतांना काय सांगणार, तेही ठरवावं लागतं. फुकट गेम कमाई करतो तो आतल्या विक्रीतून. त्यासाठी दर महिन्याला पोशाख, सीझन, दुकान चालवणारी माणसं लागतात. तुम्ही चौघं, तेही नोकरी करून.

त्यापेक्षा मधला रस्ता बघा. २०२१ च्या 'इट टेक्स टू'मध्ये एकाने गेम घेतला की त्याचा जोडीदार फुकट खेळू शकत होता. तुमच्या गेममध्ये एका खरेदीवर तीन मित्रांना फुकट प्रवेश देता आला, तर एक विक्री म्हणजे अख्खी टीम होते. 'अमंग अस'च्या यशाबद्दल बोलताना सगळे स्ट्रीमरांचं, म्हणजे आपला खेळ इंटरनेटवर थेट दाखवणाऱ्यांचं, नाव घेतात, आणि २०१८ मध्ये आलेला गेम २०२० मध्ये त्यांच्यामुळेच उसळला हे बरोबरच आहे. पण स्ट्रीमर तो खेळू शकले कारण एक कोड पाठवला की मित्र एका खोलीत जमत होते. अनोळखी लोकांची रांग लागतच नव्हती. लॉबीत दहा जण आले की त्यांच्यापुरता गेम भरलेला.

मग करायचं काय

आधी एक आकडा काढा, आणि तो काढेपर्यंत चौघांनी वाद घालू नका. पहिल्या बैठकीत ज्यांना सामना मिळाला त्यातले किती जण दुसऱ्या दिवशी परत आले? आणि ज्यांना मिळाला नाही त्यातले किती? सर्व्हरच्या नोंदींतून हे निघेल. पहिला आकडा चांगला आणि दुसरा जवळजवळ शून्य असेल तर गेम ठीक आहे, गर्दीची गरज हाच त्याचा रोग आहे. दोन्ही सारखेच वाईट असतील तर मात्र गेम लोकांना धरून ठेवत नाही, मग खाली लिहिलेलं निम्मं सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा.

रोग गर्दीचाच निघाला तर तीन महिने द्या, आणि त्यात फक्त एकच काम : गेमला कमी माणसांत जगता येईल असं करणं. तीनपैकी दोन मोड बंद करा. सगळ्यात लाडका ठेवा, तुमचा लाडका नव्हे, खेळाडूंचा. प्रदेश एक करा. थोडा लॅग आला, म्हणजे खेळ अडखळला, तर लोक कुरकुर करतील, पण खेळतील. कौशल्य बघून जोड्या लावणं तूर्त बंद. दोन विरुद्ध दोन खेळता येईल का पाहा. आणि रिकाम्या जागी बॉट, म्हणजे संगणकाने चालवलेले खेळाडू, घाला. याची लाज वाटून घेऊ नका, 'फोर्टनाइट'ने २०१९ मध्ये बॉट आणले तेव्हा त्यांना खेळाडूंची काय कमी होती? फक्त बॉट आहे ते लपवू नका, नावापुढे खूण ठेवा. बॉट चांगले झाले की एकट्याने खेळायची सोय आपोआप तयार होते, आणि ती झाली की 'बॅटलबॉर्न'च्या वाटेने जाण्याचा धोका टळतो.

दुसरं, लोकांना वेळ द्या. शनिवारी रात्री नऊ ते अकरा, दर आठवड्याला, चुकवायचं नाही. गेम उघडल्यावर पहिल्याच पडद्यावर ती वेळ दिसली पाहिजे. तीस माणसं आठवड्यात विखुरली तर ओसाड, दोन तासांत आली तर गर्दी. तुम्ही चौघांनी स्वतः खेळायचं. फ्री वीकेंड किंवा मोठी सूट द्यायची असेल तर ती याच वेळेला धरून द्या, अधेमधे नको.

तीन महिन्यांनी काय झालं तर चालू ठेवायचं, हा आकडा आजच लिहून ठेवा. तेव्हा ठरवायला बसलात तर प्रत्येक जण आपल्याला हवा तो अर्थ काढेल, आणि तीन वर्षं घातली म्हणून आणखी एक वर्ष घालायचा मोह होईल. ती तीन वर्षं कोणत्याही निर्णयाने परत येत नाहीत.

आणि बंदच करायचा झाला तर

पळपुटेपणा कसला? पळपुटेपणा असतो तो न सांगता सर्व्हर ओढून घेण्यात. २०१४ चा 'द क्रू' हा मोटार शर्यतीचा गेम ३१ मार्च २०२४ ला बंद झाला तेव्हा एकट्याने गाडी चालवणंही अशक्य झालं, आणि त्या संतापातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. युरोपात तिच्या मागणीवर १० लाखांहून जास्त सह्या जमल्या. नीट बंद करणारेही आहेत. 'नॉकआउट सिटी' हा चेंडूफेकीचा गेम २०२१ मध्ये आला, २०२२ मध्ये फुकट झाला, तरी टिकला नाही. जून २०२३ मध्ये सर्व्हर बंद करताना वेलन स्टुडिओजने खेळाडूंना स्वतःच्या संगणकावर सर्व्हर चालवता येईल अशी मोफत आवृत्ती देऊन टाकली. आठ मित्र जमले तर तो गेम आजही सुरू होऊ शकतो. तुमचा गेम लहान आहे, तुम्हाला हे त्यांच्याहून सोपं जाईल. बाहेरून घेतलेले काही भाग, संगीत, फॉन्ट, एखादं लायब्ररीचं पॅकेज, दुसऱ्याला देता येतात का, तेवढं आधी तपासा.

तारीख किमान तीन महिने आधी जाहीर करा. निर्णय झाला त्याच दिवशी विक्री थांबवा, गेमच्या आत काही विकत असाल तर तेही. नुकतेच आलेले ग्राहक पैसे परत मागतील, त्यांच्याशी हुज्जत घालू नका. स्रोत कोड आणि मूळ फाइल्स दोन ठिकाणी जपून ठेवा. हे फालतू वाटेल, पण व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली तेव्हा अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात मिळत नाहीत असं दिसलं. त्यातले कितीतरी परत आणायची इच्छा असली तरी हक्क कोणाकडे, फाइल्स कुठे, याचाच पत्ता नसतो.

तेव्हा शेवटचं काम, आणि हे गेम चालो वा न चालो, याच आठवड्यात करा : कोड, पात्रं, नाव आणि संगीत यांची मालकी चौघांत कशी, ते भांडण नसताना कागदावर आणा. 'ग्लिच' नावाचा ऑनलाइन गेम डिसेंबर २०१२ मध्ये बंद झाला. त्या टीमने खेळाडूंना परतावा देऊ केला, पुढे गेममधली चित्रं सगळ्यांना मोफत वापरायला खुली केली, आणि गेम बनवताना आपापसांत बोलायला जे साधन तयार केलं होतं त्यातून 'स्लॅक' हे कार्यालयांत वापरलं जाणारं संवादाचं ॲप उभं केलं. तुमच्या तीन वर्षांतून काय उपयोगी निघेल ते आज सांगता येत नाही. कदाचित खेळाडूंच्या जोड्या लावणारा कोड, कदाचित एखादं पात्र. ते चौघांपैकी एकालाच पुढे न्यायचं असेल, तर बाकीच्या तिघांचं काय, हे त्या कागदात आलं पाहिजे.